मॅकवर विंडोज चालवून मराठी संकेतस्थळ तपासण्याची रीत

मॅकवर तयार केलेले संकेतस्थळ विंडोजवर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणाच्या हाती सोपवायचे नाही, हा नियम मी एका सहकारी पतसंस्थेच्या कामानंतर स्वतःला घालून घेतला. माझ्या लॅपटॉपवर सर्व पाने नीट दिसत होती. संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर मात्र अर्जाच्या बटणावरील ‘नोंदणी’ हा शब्द ‘नादणी’ असा वाचला जात होता, कारण बटणाची उंची मी पिक्सेलमध्ये ठरवून टाकली होती आणि विंडोजने निवडलेल्या फॉन्टमध्ये शिरोरेषेच्या वरची मात्रा व अनुस्वार त्या उंचीत मावले नव्हते. चूक सर्वस्वी माझी होती आणि दहा मिनिटांत दुरुस्तही झाली. पण ती ग्राहकाच्या आधी मला दिसायला हवी होती. त्यासाठी मॅकवरच विंडोज कसे उभारावे आणि उभारल्यावर त्यात नेमके काय पाहावे, हे या लेखात सविस्तर दिले आहे.

आधी एक भेद समजून घेणे आवश्यक आहे, कारण त्यावरच पुढची सगळी निवड अवलंबून आहे. बोलताना आपण सरसकट ‘एम्युलेटर’ म्हणतो, परंतु एम्युलेशन आणि व्हर्च्युअलायझेशन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एम्युलेशनमध्ये एका प्रकारच्या प्रोसेसरवर दुसऱ्या प्रकारच्या प्रोसेसरची नक्कल केली जाते आणि प्रत्येक सूचनेचे भाषांतर करावे लागते. व्हर्च्युअलायझेशनमध्ये पाहुणी प्रणाली यजमान संगणकाच्याच प्रोसेसरवर थेट चालते. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम१ पासूनचे सर्व अ‍ॅपल सिलिकॉन मॅक हे एआरएम प्रकारच्या प्रोसेसरवर चालतात, तर कार्यालयांतील बहुतेक विंडोज संगणक इंटेल किंवा एएमडीच्या एक्स८६ प्रोसेसरवर. त्यामुळे एक्स८६ साठी बनवलेले विंडोज अशा मॅकवर चालवायचे तर खरे एम्युलेशन करावे लागते आणि ते इतके संथ असते की विंडोज ११ मध्ये एक पान उघडून तपासणेही नकोसे होते. उलट एआरएमसाठी बनवलेले विंडोज ११ व्हर्च्युअलायझेशनने जवळजवळ मूळ वेगाने चालते.

मग एआरएमवरच्या विंडोजमध्ये केलेली तपासणी इंटेलवरच्या विंडोजला लागू पडते का, हा प्रश्न रास्त आहे. संकेतस्थळांपुरते उत्तर बहुतांशी होकारार्थी आहे. एज, क्रोम आणि फायरफॉक्स या तिन्ही ब्राउझरांच्या एआरएमसाठीच्या स्वतंत्र आवृत्त्या उपलब्ध आहेत, त्यांतील पान रेखाटणारे इंजिन तेच आहे आणि अक्षरे रेखाटणारी विंडोजची यंत्रणा, फॉन्ट, स्क्रोलबार व प्रदर्शनाची मापेही तीच आहेत. आपल्याला तपासायचे आहे ते नेमके हेच. एज २०२० पासून क्रोमच्याच क्रोमियम या मुक्तस्रोत पायावर आधारलेला असल्याने मॅकवरचा क्रोम आणि विंडोजवरचा एज यांचे इंजिन जवळपास एकच आहे. म्हणून जुन्या काळासारखी ‘हा ब्राउझर हे वैशिष्ट्य समजतो का’ ही शोधाशोध आता कमी झाली असून खरा फरक ब्राउझरच्या खाली, म्हणजे विंडोजमध्ये आहे.

इंटेल प्रोसेसरचा जुना मॅक असेल तर अ‍ॅपलच्या बूट कॅम्प या सोयीने विंडोज १० थेट बसवता येते, मात्र त्या विंडोजचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे आणि प्रत्येक तपासणीसाठी मॅक बंद करून पुन्हा सुरू करावा लागतो. अ‍ॅपल सिलिकॉनवर बूट कॅम्प नाहीच. वाइन किंवा क्रॉसओव्हर यांनी विंडोजचे प्रोग्राम मॅकवर चालवता येतात, पण तिथे प्रत्यक्ष विंडोज नसते आणि फॉन्टची निवडही विंडोजची नसते. तपासणीसाठी त्यांचा उपयोग करू नये.

साधन कोणते निवडावे

अ‍ॅपल सिलिकॉनवर तीन पर्याय विचारात घेण्याजोगे आहेत. पॅरलल्स डेस्कटॉप हे सशुल्क आहे, परंतु सर्वांत सोपे आहे. ते स्वतःच विंडोज उतरवून बसवते आणि एआरएमवरील विंडोज ११ चालवण्यासाठी मायक्रोसॉफ्टने त्याला २०२३ साली अधिकृत मान्यता दिली आहे. व्हीएमवेअर फ्यूजन नोव्हेंबर २०२४ पासून व्यावसायिक वापरासाठीही विनामूल्य आहे. तिसरे यूटीएम हे मुक्तस्रोत आहे. त्याच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य मिळते आणि अ‍ॅप स्टोअरवर तेच अल्प किमतीत, विकासकांना हातभार म्हणून, विकले जाते. रोजच्या रोज तपासणी करणाऱ्या चमूने पॅरलल्स घ्यावे असे माझे मत आहे. त्यात वाचणारा वेळ शुल्कापेक्षा मोलाचा ठरतो. महिन्यातून दोनदा तपासणी करणाऱ्या एकट्या व्यावसायिकाला यूटीएम पुरते. खालच्या पायऱ्या यूटीएमच्या आहेत, कारण त्यात काय घडते ते उघड दिसते आणि एकदा ते समजले की इतर दोन साधने कोणीही हाताळू शकतो.

विंडोजची स्थापना

प्रथम मॅकवर किमान ७० जीबी जागा मोकळी आहे याची खात्री करावी. विंडोज ११ ला ६४ जीबीची डिस्क लागते. यूटीएममधील डिस्कची फाइल सुरुवातीला लहान असते आणि वापराप्रमाणे वाढते, तरीही जागा आधीच राखून ठेवलेली बरी. मॅकची मेमरी ८ जीबी असेल तर आभासी मशीनला, म्हणजे विंडोज ज्यात चालेल त्या व्हर्च्युअल संगणकाला, ४ जीबी द्यावी आणि तपासणीच्या वेळी इतर जड प्रोग्राम बंद ठेवावेत. १६ जीबी असेल तर ६ ते ८ जीबी द्यावी. प्रोसेसरचे चार कोअर पुरेसे होतात.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल, म्हणजे स्थापनेच्या डिस्कची एका फाइलमधील प्रत, उतरवावी. इथे सर्वाधिक लोक चुकतात. त्या संकेतस्थळावर एक्स६४ (म्हणजे ६४-बिट एक्स८६) आणि एआरएम६४ अशा दोन वेगळ्या फाइली आहेत आणि आपल्याला एआरएम६४ हवी आहे. चुकून एक्स६४ ची जोडली तर स्थापना सुरूच होत नाही, काळ्या पडद्यावर यूईएफआय शेल नावाची अक्षरी खिडकी उघडते आणि माणूस तासभर मशीनच्या सेटिंगमध्ये दोष शोधत बसतो.

यूटीएम उघडून नवीन मशीनचा पर्याय निवडावा. ‘व्हर्च्युअलाइझ’ आणि ‘एम्युलेट’ असे दोन पर्याय समोर येतील. वर सांगितलेल्या कारणाने ‘व्हर्च्युअलाइझ’ निवडावे आणि पुढे ‘विंडोज’. उतरवलेली आयएसओ फाइल जोडावी, विंडोज १० किंवा त्यापुढची आवृत्ती बसवण्याच्या आणि ड्रायव्हर व स्पाइस टूल्स (विंडोजच्या आत बसणारी यूटीएमची जोडसाधने) बसवण्याच्या चौकटीत खूण राहू द्यावी, मेमरी व डिस्कची मापे भरावीत आणि मशीनला अर्थपूर्ण नाव देऊन जतन करावे.

मशीन सुरू करताच सीडीवरून सुरुवात करण्यासाठी कोणतीही कळ दाबा, अशी सूचना काही क्षण दिसते. ती निसटली तर पुन्हा तोच यूईएफआय शेल उघडतो. अशा वेळी मशीन पुन्हा सुरू करून त्याच्या खिडकीत लगेच क्लिक करावे आणि कळ दाबावी. पुढची स्थापना नेहमीच्या विंडोजसारखीच आहे. आवृत्ती विचारली जाईल तिथे ‘प्रो’ निवडावी. नेटवर्क जोडण्याच्या पायरीवर पुढे जाता येत नसेल तर त्याचे कारण बहुधा नेटवर्कचा ड्रायव्हर बसलेला नसणे हे असते. शिफ्ट आणि एफ१० या कळा एकत्र दाबाव्यात, मॅकच्या कीबोर्डवर त्यांच्याबरोबर एफएन कळही धरावी, म्हणजे कमांडची खिडकी उघडते. तिथून दुसऱ्या सीडी ड्राइव्हमधील यूटीएम गेस्ट टूल्सचा इन्स्टॉलर चालवून मशीन पुन्हा सुरू केले की इंटरनेट मिळते. हाच संच पडद्याचे मापही खिडकीप्रमाणे बदलू देतो आणि मॅक व विंडोज यांच्यात मजकूर कॉपी-पेस्ट करण्याची सोय देतो.

परवान्याविषयी स्पष्ट असावे. परवाना न भरताही विंडोज बसते, पण पडद्याच्या कोपऱ्यात सक्रिय करण्याची सूचना कायम राहते. ज्या कामाचे पैसे आपण ग्राहकाकडून घेतो त्यासाठी विंडोजचा परवाना विकत घेणे हेच योग्य आहे, आणि तो खर्च अंदाजपत्रकात आधीच धरावा.

यानंतर विंडोजची सर्व अद्यतने होऊ द्यावीत, एजच्या जोडीला क्रोम आणि फायरफॉक्स बसवावेत, आणि मग मशीन बंद करून त्याची एक प्रत काढून ठेवावी. पॅरलल्स व फ्यूजनमध्ये यासाठी स्नॅपशॉटची सोय आहे. यूटीएममध्ये मशीनची प्रत काढता येते, किंवा बदल न जतन करता चालवण्याचा पर्याय निवडता येतो, ज्यात मशीन बंद करताच त्या सत्रातील सर्व कुकी, साठवलेली पाने आणि चाचणीच्या फाइली नाहीशा होतात. पहिल्यांदा येणाऱ्या वाचकाला पान कसे दिसेल हे तपासण्यासाठी मला ही पद्धत सर्वांत विश्वासार्ह वाटते.

मॅकवरचे काम विंडोजपर्यंत पोचवणे

संकेतस्थळ अजून मॅकवरच, स्थानिक सर्व्हरवर चालू असेल तर विंडोजमधील ब्राउझरमध्ये ‘लोकलहोस्ट’ टाकून ते दिसणार नाही, कारण तिथे त्या शब्दाचा अर्थ विंडोजचे मशीन स्वतः असा होतो. मॅकचा पत्ता द्यावा लागतो. यूटीएमच्या सामायिक नेटवर्कमध्ये तो सहसा १९२.१६८.६४.१ असतो, यूटीएमच्या आतील क्यूईएमयू या इंजिनाच्या वापरकर्ता नेटवर्कमध्ये १०.०.२.२ आणि पॅरलल्सच्या सामायिक नेटवर्कमध्ये १०.२११.५५.२. ब्राउझरमध्ये हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाकावेत आणि त्यांच्यापुढे विसर्गासारखे चिन्ह देऊन पोर्टचा क्रमांक लिहावा.

तरीही पान उघडले नाही तर दोष बहुधा मॅकच्या बाजूला असतो. व्हीट (Vite) सारखे विकासासाठीचे सर्व्हर मुळात फक्त त्याच संगणकाकडून आलेल्या विनंत्या ऐकतात; त्यांना सुरू करतानाच ‘होस्ट’ हा पर्याय देऊन बाहेरच्या विनंत्याही ऐकायला सांगावे लागते. मॅकची फायरवॉल चालू असल्यास तिने विचारलेल्या परवानगीला होकार द्यावा.

याहून कमी लक्षात येणारी अडचण सुरक्षित जोडणीची आहे. ब्राउझर ‘लोकलहोस्ट’ला एचटीटीपीएसशिवायही सुरक्षित मानतात, पण आकडी पत्त्याला मानत नाहीत. त्यामुळे मॅकवर व्यवस्थित चालणारे सर्व्हिस वर्कर (पानामागे चालणाऱ्या स्क्रिप्ट), कॅमेरा, स्थान ओळखणे किंवा क्लिपबोर्ड विंडोजमध्ये अचानक बंद पडतात आणि तो विंडोजचा दोष वाटतो, प्रत्यक्षात तसा नसतो. यावर एक सोपा उपाय आहे. विंडोजमधील नेटशेल (netsh) या साधनात पोर्टप्रॉक्सी नावाची सोय आहे. तिच्या साह्याने विंडोजच्या लोकलहोस्टवरील एखादे पोर्ट मॅकच्या पत्त्यावरील त्याच पोर्टला जोडून द्यावे. त्यासाठी कमांडची खिडकी प्रशासक म्हणून उघडावी लागते. एकदा जोडले की विंडोजमध्येही ‘लोकलहोस्ट’ लिहूनच पान उघडते आणि सुरक्षित मानले जाते.

काय पाहावे

इथून पुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. मशीन उभारले, पान उघडले, ठीक दिसले, बंद केले, असे केल्याने फारसे काही हाती लागत नाही.

पहिली बाब फॉन्टची. संकेतस्थळाबरोबर वेबफॉन्ट पाठवला नसेल, किंवा तो उतरण्यास उशीर झाला, तर ब्राउझर त्या संगणकावरील देवनागरी फॉन्ट वापरतो. मॅकवर कोहिनूर देवनागरीसारखे फॉन्ट असतात, विंडोज ८ पासून निर्मला यूआय असतो. या दोघांची अक्षरांची रुंदी वेगळी, शिरोरेषेच्या वर आणि अक्षराखाली राखलेली जागा वेगळी. शिवाय कोहिनूरमध्ये मध्यम आणि अर्ध-जाड अशी वजने आहेत, निर्मलामध्ये अर्ध-हलके, नेहमीचे आणि जाड एवढीच. म्हणून मॅकवर ५०० वजनाने ठळक दिसणारे उपशीर्षक विंडोजवर साध्या मजकुराएवढेच बारीक दिसते आणि ६०० वजनाचे एकदम जाड होते. अनेक जुन्या स्टाइलशीटमध्ये ‘मंगल’चे नाव असते, तो फॉन्ट विंडोज १० पासून देवनागरीच्या पूरक फॉन्टांच्या ऐच्छिक संचात गेला आहे, त्यामुळे तो प्रत्येक संगणकावर असेलच असे नाही. तपासताना ब्राउझरच्या विकासक-साधनांत वेबफॉन्टची फाइल अडवून पान पुन्हा उघडावे आणि पर्यायी फॉन्टमध्ये ‘र्कीं’, ‘ट्रू’, ‘दृष्टी’, ‘नोंदणी’, ‘पुऱ्या’ यांसारखे उंच-खोल शब्द बटणांत, टॅबमध्ये, सारणीच्या शीर्षकांत आणि भरण्याच्या चौकटींत कापले जातात का ते पाहावे. उंची पक्की ठरवण्याऐवजी ओळीची उंची आणि आतली मोकळी जागा यांवर सोपवली की हा दोष मुळातून जातो.

अक्षरांचा काठही वेगळा दिसतो. मॅकने २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून उपपिक्सेल गुळगुळीतपणा, म्हणजे पिक्सेलच्या लाल-हिरव्या-निळ्या भागांचा वेगवेगळा वापर करून अक्षरांचे काठ मऊ करण्याची रीत, सोडला. विंडोजमध्ये क्लियरटाइप या नावाने ती रीत अजून आहे. फिक्या करड्या रंगातील बारीक मजकूर मॅकच्या दाट पिक्सेलच्या रेटिना पडद्यावर सुबक वाटतो, तोच साध्या पडद्यावर पुसट होतो. हे दिसावे म्हणून आभासी मशीनचे प्रदर्शन मुद्दाम साधे करावे लागते. पॅरलल्स रेटिना पडद्यासाठी विंडोजचे प्रमाण २०० टक्के ठेवते आणि त्या स्थितीत सगळेच सुंदर दिसते. ते १०० टक्क्यांवर आणावे, रेझोल्यूशन १३६६ बाय ७६८ करावे, क्लियरटाइप चालू असल्याची खात्री करावी, आणि मग पान पाहावे. नंतर १९२० बाय १०८० वर १२५ आणि १५० टक्के प्रमाणाने पुन्हा पाहावे. लॅपटॉपवर ही प्रमाणे नेहमी आढळतात, आणि १२५ टक्क्यांवर एक पिक्सेलच्या रेषा कुठे जाड तर कुठे नाहीशा होताना दिसतात.

स्क्रोलबार हा दुसरा नेहमीचा अपराधी आहे. ट्रॅकपॅडवर काम करणाऱ्या मॅकमध्ये तो मजकुरावर तरंगतो आणि जागा घेत नाही. विंडोजमधील क्रोम व एजमध्ये तो सुमारे १५ ते १७ पिक्सेल रुंदी व्यापतो. पानाची रुंदी खिडकीच्या पूर्ण रुंदीच्या एककात दिलेली असली तर तेवढ्याच पिक्सेलनी पान उजवीकडे बाहेर जाते आणि तळाशी आडवा स्क्रोलबार उगवतो. पॉप-अप उघडताना मागचे पान स्क्रोल होणे थांबवले तर संपूर्ण पान किंचित उजवीकडे सरकून परत येते, तेही इथेच कळते.

इमोजींमध्ये एक फरक हमखास चुकतो. विंडोजच्या इमोजी फॉन्टमध्ये देशांचे ध्वज नाहीत, त्यामुळे भाषा निवडण्याच्या यादीत भारताचा ध्वज इमोजी म्हणून घातला असेल तर क्रोम आणि एजमध्ये त्याजागी रोमन लिपीतील दोन अक्षरे दिसतात. फायरफॉक्स स्वतःचा इमोजी फॉन्ट सोबत आणत असल्याने त्यात ध्वज दिसतो. ध्वज हवाच असेल तर तो चित्र म्हणून द्यावा.

मराठी लिहिण्याची चाचणीही विंडोजमध्येच करावी. भाषांच्या सेटिंगमधून मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि ध्वन्यात्मक असे कीबोर्ड मिळतात. नावाच्या चौकटीत ‘ऱ्हाटकर’ किंवा ‘कऱ्हाडे’ लिहून शोध घ्यावा. हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो तसा ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशा दोन चिन्हांनीही लिहिता येतो, आणि काही लोक तो ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहितात. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या सामान्यीकरणाने, म्हणजे समान लेखनांना एकाच रूपात आणण्याच्या प्रक्रियेने, एक होतात, तिसरा होत नाही. त्याची सोय शोधयंत्रणेत वेगळी करावी लागते. डोळ्यांना तीनही सारखेच दिसतात, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहू शकतो.

शेवटी दृष्टिबाधित वापरकर्त्यांचा विचार, जो मॅकवर काम करणाऱ्यांकडून फार वेळा राहून जातो. एनव्हीडीए हा विनामूल्य स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम, फक्त विंडोजवर चालतो. तो आभासी मशीनमध्ये बसवावा. त्याच्या आज्ञांसाठी लागणारी इन्सर्ट कळ मॅकच्या कीबोर्डवर नसल्याने सुरुवातीच्या संवादातच कॅप्सलॉकला त्याची कळ म्हणून निवडावे, आणि ती कळ मशीनपर्यंत नीट पोचत नसेल तर बाहेरचा कीबोर्ड जोडावा. त्याच्याबरोबर येणाऱ्या ईस्पीक आवाजांत मराठी आहे. पानाची भाषा मराठी असल्याचे एचटीएमएलमध्ये नोंदवलेले असेल तर तो आवाज आपोआप निवडला जातो; मराठी पानावर भाषा इंग्रजी अशी नोंदलेली असेल तर काय ऐकू येते, हे प्रत्येक विकासकाने एकदा तरी ऐकावे. विंडोजमधील उच्च रंगविरोधाच्या (हाय कॉन्ट्रास्ट) थीमही लावून पाहाव्यात. त्यांत पार्श्वभूमीचे रंग आणि सावल्या काढून टाकल्या जातात, म्हणून केवळ रंगाने ओळखू येणारे बटण साध्या मजकुरात विरघळते. त्याला पारदर्शक का होईना, पण किनार दिली असेल तर ती अशा थीममध्ये दृश्य होते.

आभासी मशीनमध्ये जे तपासू नये

वेग मोजू नये. मशीनला दिलेले ग्राफिक्स हे खरे ग्राफिक्स कार्ड नसते, त्यामुळे वेबजीएलची (ब्राउझरमधील त्रिमितीय) दृश्ये, जड अ‍ॅनिमेशन आणि संरक्षित व्हिडिओ यांविषयी इथे काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनी फसवा असू शकतो. इंटरनेट एक्सप्लोररचा पाठिंबा १५ जून २०२२ रोजी संपला असला तरी एजमधील त्याची सुसंगत अवस्था किमान २०२९ पर्यंत राहणार आहे आणि काही कार्यालयांत जुन्या प्रणाली तिच्यावरच चालतात. त्यांत इंटेलसाठी बनवलेले अ‍ॅक्टिव्हएक्सचे घटक (पानात चालणारे विंडोजचे छोटे प्रोग्राम) असतील तर ते खऱ्या इंटेल संगणकावरच तपासावेत. असा संगणक कार्यालयात असेल आणि त्यावर विंडोज प्रो असेल तर मॅकवरील विंडोज अ‍ॅपमधून, म्हणजे पूर्वीच्या रिमोट डेस्कटॉपमधून, त्याला जोडता येते. संगणक नसेल तर २०११ साली मुंबईत सुरू झालेल्या ब्राउझरस्टॅकसारख्या सेवेवर विंडोज आणि ब्राउझरांच्या जुन्या-नव्या आवृत्त्या भाड्याने मिळतात. त्यांच्या साधनाने मॅकवरचा स्थानिक सर्व्हरही तिथून पाहता येतो. मी स्वतः रोजची तपासणी आभासी मशीनमध्ये करतो आणि काम सोपवण्याच्या आदल्या दिवशी ग्राहकाच्या कार्यालयातील एखाद्या संगणकावर, त्याच पडद्यावर आणि त्याच प्रमाणात, सर्व अर्ज एकदा भरून पाहतो.